तबकडी दिसेनाशी होते तिथे

दोरीला बांधलेली पांढरी तबकडी
आस्लाकमामाने नावेच्या कडेवरून सोडली.
ती दिसेनाशी होईल तिथे थांबायचं, असा नियम.
मी मोजत होते. दोन मीटर, चार, सात.
दहाव्याला दोरी संपली
आणि तबकडी दिसतच होती,
कुणीतरी खाली मांडून विसरलेल्या ताटलीसारखी.
मामाने बुटाची नाडी सोडली, दोरीला जोडली.
तरी दिसत होती.

या तळ्याचं नाव स्वार्तेचेर्न.
म्हणजे काळं तळं.
दलदलीतून झिरपलेलं, कडक चहाच्या रंगाचं पाणी,
पणजोबांनी हात बुडवला तर
कोपरापुढे तो त्यांचा नसायचा.

आता ओस्लोचे पाहुणे काठावर उभे राहून
म्हणायचे, "किती नितळ!"
आणि दिवसाला दहाच शब्द बोलणारा मामा
त्यातला एक खर्च करायचा:
"हो."

पाऊस इथला नव्हता.
समुद्रापलीकडे कुणी धुराड्यं उंच बांधली,
आपल्या गावावर काजळ नको म्हणून.
चांगलाच हेतू.
धूर वाऱ्यावर बसून उत्तरेला आला,
बर्फात पडून राहिला सगळा हिवाळा
आणि एप्रिलच्या एका आठवड्यात
सगळाच्या सगळा तळ्यात उतरला.

आधी ट्राउटची अंडी फुटेनाशी झाली.
मग गोगलगायी संपल्या, शंखासकट.
पाण्यात तरंगणारं शेवाळ, डोळ्यांना न दिसणारं,
त्याच्या जाती मी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे:
एका वर्षी एक्केचाळीस,
पुढे एकोणीस, पुढे नऊ.
त्या नऊ जणी मात्र खुशाल होत्या.

आणि तळाशी,
जिथे आता थेट ऊन पोचत होतं,
भलतंच शेवाळ माजलं.
चरणारं कुणी उरलं नाही
तर कुरण माजणारच.
मामाचं जाळं जड लागलं त्या सकाळी,
त्याचा चेहरा क्षणभर उजळला होता.
वर आली ओली हिरवी लोकर,
हातभर, मग वावभर,
बोटांतून निसटणारी, वास नसलेली.
त्याने ती झटकली नाही.
मांडीवर घेऊन एकेक गाठ सोडवत बसला,
जशी टोरबोर्गमामी मरेपर्यंत
नातवंडांच्या केसांतला गुंता सोडवायची.

फेब्रुवारीत आम्ही गोठलेल्या तळ्याला भोक पाडलं,
गाळात नळी खुपसली.
हातभर चिखल म्हणजे दोनशे वर्षं.
त्यात डायटम, काचेच्या डब्यांत राहणारं शेवाळ:
जीव जातो, डबा राहतो.
कुठल्या डब्याला कुठला सामू मानवतो, ठाऊक असतं.
पणजोबांच्या थरात सगळे सरमिसळ, जत्रेसारखे.
माझ्या जन्माच्या थरात
आंबट पाणी आवडणारे तेवढेच,
एकावर एक, एकावर एक.
कुणी तक्रार लिहून ठेवली नव्हती.
नुसती हजेरी होती.

मग सरकारने तळ्याला चुना लावला.
हसू नका, खरोखरचा चुना,
हेलिकॉप्टरमधून, पांढऱ्या ढगासारखा.
मामा छत्री घेऊन काठावर उभा राहिला.
त्या दिवशी तो अकरा शब्द बोलला,
त्यातले तीन इथे लिहिता येणार नाहीत.

धुराड्यं थंडावली त्यालाही आता वर्षं झाली.
पाऊस पुन्हा नुसता पाऊस होतोय, हळूहळू.
दलदल पुन्हा रंग सोडू लागलीय.
माझ्या मोजणीत यंदा सव्वीस जाती.
पाहुण्यांची पोरं नाक मुरडतात,
"शी, केवढं घाण पाणी,"
आणि पोहायला दुसरीकडे जातात.

काल मी एकटीच नाव घेऊन गेले.
तीच तबकडी, तीच दोरी.
एक मीटर. दोन.
तिसऱ्याला ती पिवळी झाली, मग तपकिरी,
मग नव्हतीच.

उरलेली दोरी नावेच्या तळाशी पडून होती,
आणि तिच्या टोकाला मामाची नाडी,
कोरडीच.